कठीण काळातले पहिले तीन महिने: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने (पुण्यापुरतं)

चौथी_पायरी

नोकरी जाते, घरातला कमावता माणूस जातो, मोठं आजारपण निघतं, लग्न मोडतं. अशा वेळी "खंबीर राहा" आणि "हेही दिवस जातील" याशिवाय काय सांगायचं, यासाठी हा धागा. अनुभव लिहायला इतर धागे आहेत. इथे काय करायचं, किती करायचं, कधी करायचं आणि कुठे फसतं एवढंच लिहावं, ही विनंती.

माझं म्हणणं एकच आहे, क्रम चुकतो. लोक आधी मन ताळ्यावर आणायला बघतात आणि ते आलं की बाकीचं करू म्हणतात. प्रत्यक्षात आधी झोप आणि जेवण, मग मुदत असलेले कागद, मग पैशाचा हिशेब आणि त्यानंतर मन, असा क्रम लावला तर मनाचं अर्धं काम वाटेतच होतं.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण भीतीपोटी लोक ती विसरतात. मोठ्या धक्क्यानंतर बहुसंख्य माणसं कोणत्याही उपचाराशिवाय आपलं रोजचं काम करत राहतात. जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये हे पुराव्यांसकट मांडलं. त्याआधी समज असा होता की धाय मोकलून न रडणारा माणूस आतून कोसळलेला असणार. तेराव्यानंतर कुणी कामावर गेलं, हसलं, तर त्याला "मनात दाबून ठेवतोय" म्हणून छळू नका.

पहिल्या दोन आठवड्यांसाठी:

उठण्याची वेळ पक्की करा. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. रात्री ३ ला डोळा लागला तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. अंथरुणात साधारण २० मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, दिवा मंद, फोन लांब. पेंग आली की परत. घड्याळ बघत मिनिटं मोजायची नाहीत, अंदाज पुरे. दुपारी झोपायचंच असेल तर अर्धा तास, तेही ३ च्या आत. चहा-कॉफी दुपारी २ नंतर बंद. कॅफीनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही रक्तात असतो. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते, आणि पहाटे ४ चे विचार सगळ्यात काळे असतात.

सकाळच्या उजेडात अर्धा तास चाला. तळजाई, हनुमान टेकडी, कॅनॉल रोड, जे जवळ असेल ते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढल्या तरी चालेल, रोज तेच ठिकाण ठेवा. कुठे जायचं याचा रोज नव्याने विचार करावा लागला की चौथ्या दिवशी जाणं बंद होतं.

मोठे निर्णय तीन महिने पुढे ढकला: घर विकणं, शहर सोडणं, विम्याच्या पैशाची गुंतवणूक. अपवाद फक्त मुदत असलेल्या गोष्टींचा. त्या कोणत्या, हे जाणकारांनी खाली लिहावं.

हिशेबनीस

नोकरी गेल्यावरचा पैसा, या भागापुरतं लिहितो.

पहिलं काम, घर किती महिने चालेल हे काढणं. हिंजवडी-वाकड-खराडी पट्ट्यातल्या घराचा नमुना घ्या. कर्जाचा हप्ता ४२,०००, सोसायटी ४,५००, किराणा-भाजी-दूध १४,०००, शाळा आणि व्हॅन ९,०००, विम्याचे हप्ते ३,५००, आईवडिलांची औषधं ४,०००, वीज-गॅस-फोन-पेट्रोल ८,०००. बेरीज ८५,०००. लगेच मोडता येईल अशी शिल्लक ५,१०,००० असेल तर सहा महिने. खर्च ७२,००० वर आणला तर सात. म्हणजे काटकसरीने एक महिना मिळाला. हॉटेल, ओटीटी बंद करून घर तरत नाही, हे आकडा मांडल्यावरच दिसतं. या घरात खरा दगड हप्त्याचा आहे.

म्हणून दुसरं काम, निर्णयाची तारीख. तीन महिन्यांचा खर्च शिल्लक राहील तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी काय करणार तेही आजच लिहा: फ्लॅट भाड्याने देऊन लहान घरात जाणं, कमी पगाराची नोकरी घेणं, गाडी विकणं. तारीख ठरली की रोज रात्री तोच विचार करायचं कारण उरत नाही.

हप्ता चुकण्याआधी बँकेला लेखी कळवा, चुकल्यावर नाही. थकबाकी १ ते ३० दिवस, ३१ ते ६०, ६१ ते ९० अशा पायऱ्यांनी बँकेच्या दप्तरी चढते आणि ९० दिवसांपुढे खातं अनुत्पादक (एनपीए, म्हणजे बुडीत) ठरतं. कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची बोलणी पहिल्या पायरीच्या आधी सोपी असतात, तिसरीवर फार अवघड. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीचा क्रमांक १४४४८.

ग्रॅच्युइटी: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता × १५ ÷ २६ × नोकरीची वर्षं. नियमित नोकरीत सलग पाच वर्षं लागतात. पैसे देय झाल्यापासून ३० दिवसांत मालकाने द्यायचे असतात. ५२,००० मूळ वेतन आणि ८ वर्षं असतील तर २,४०,००० होतात. पूर्ण हिशेबाच्या कागदावर हा आकडा स्वतः ताडून पाहा, मगच सही करा.

पीएफ: शक्यतो हात लावू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो. काढावाच लागला तर अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम पोर्टलवर वाचा, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने नियम बदलायचं ठरवलं (७५ टक्के लगेच, उरलेले २५ टक्के १२ महिन्यांनी). जुने व्हिडिओ बघून अर्ज भरणारे इथे फसतात. अर्ज परत येण्याची नेहमीची कारणं दोन. एक, आधार, पॅन आणि पीएफ खात्यावरच्या नावात फरक. 'राव', 'भाऊ', वडिलांचं नाव यांचा घोळ मराठी नावांत हमखास असतो. दोन, नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरलेली नसते. ती शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतःला भरता येते.

आरोग्यविमा: कंपनीचा गट विमा बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतो, महिनाअखेरीला नाही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते आणि प्रतीक्षाकाळाची (जुन्या आजारांचा खर्च मिळायला थांबावं लागतं तो काळ) सरलेली वर्षं धरली जातात. पण हे नोटीस काळातच मागायचं. बाहेर पडल्यावर एचआरवाले फोन उचलत नाहीत, यावर जास्त लिहीत नाही.

पेठकर

हिशेबनीस, उत्तम. एक विचारतो, घरी सांगायचं कधी आणि कसं? रोज लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडणारे आणि संध्याकाळी परत येणारे लोक आहेत पुण्यात, सगळ्यांना माहीत आहे.

समुपदेशन_कट्टा

दोन-तीन दिवसांत सांगावं. आकडा हाताशी असताना सांगावं, कारण ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न "आता काय?" हाच असतो. वाक्यं साधी ठेवा: "माझी नोकरी १५ तारखेला संपते. आपल्याकडे सहा महिन्यांची सोय आहे. हप्त्याबद्दल बँकेशी या आठवड्यात बोलतोय. तुझी मदत इथे लागेल." शेवटचं वाक्य गाळू नका. जोडीदाराला काम दिलं नाही तर त्याच्या वाट्याला फक्त काळजी येते.

लपवण्यात खोटं बोलण्याचा भाग आहेच, पण व्यवहारात मोठं नुकसान वेगळं होतं. ओळखीतून मिळू शकणारी कामं बंद होतात, कारण कुणाला माहीतच नसतं.

मुलांना: सात-आठ वर्षांपर्यंत दोन वाक्यं पुरतात. "बाबा काही दिवस घरी असतील. शाळा, घर, आजी सगळं तसंच आहे." जे खरंच तसंच राहणार आहे तेवढंच सांगा. शाळा बदलावी लागेल असं वाटत असेल तर त्याचं वचन देऊ नका. घरात मृत्यू झाला असेल तर लहान मुलाला "झोपले" किंवा "गावाला गेले" असं म्हणू नये. मूल झोपायला घाबरतं, नाहीतर वाट बघत बसतं. "त्यांचं शरीर बंद पडलं, ते आता परत येणार नाहीत" हे वाक्य मोठ्यांना कठोर वाटतं, पण मुलाला कळतं. ते तेच पुन्हा पुन्हा विचारेल. दरवेळी तेच उत्तर द्यायचं.

दिवसभर कुठे बसायचं हा प्रश्न खरा आहे. नवी पेठ, सदाशिव पेठेत स्पर्धापरीक्षावाल्यांच्या अभ्यासिका आहेत, त्यांत महिन्याच्या शुल्कावर टेबल मिळतं. घरी सांगून तिथे बसा.

कागदवाला

मृत्यूनंतरचे कागद, मुदत महत्त्वाची म्हणून आधी तेच.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. रुग्णालयात मृत्यू झाला तर नोंद रुग्णालयच पाठवतं, पण नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा. आधारवर जसं आहे तसंच हवं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदम घ्या. बँक, विमा, पीएफ, सोसायटी, आरटीओ सगळे मागतात.

पुढचं काम कुणी सांगत नाही. मृत व्यक्तीच्या सगळ्या बचत खात्यांचं वर्षभराचं स्टेटमेंट काढा आणि त्यात ४३६ आणि २० रुपयांची वजावट शोधा. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, २ लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. खातं उघडताना सही केलेली असते आणि घरच्यांना पत्ता नसतो. दावा शक्यतो ३० दिवसांच्या आत टाका.

माणूस नोकरीत असताना गेला तर पीएफशी जोडलेला विमा (ईडीएलआय) असतो, कमाल ७ लाख. त्यासाठी फॉर्म ५-आयएफ, पीएफसाठी फॉर्म २०, कुटुंब पेन्शनसाठी १०-डी. तिन्ही एकदम द्या. फक्त २० भरून घरी येणारे निम्मं मागे सोडून येतात.

करू नये असं: मृताचं एटीएम किंवा यूपीआय वापरून पैसे काढणं. घरखर्चाला का होईना, पुढे दुसऱ्या वारसाने हरकत घेतली की अंगाशी येतं. बँकेला कळवा, नामनिर्देशन असेल तर रक्कम नॉमिनीला मिळते. पण नॉमिनी पैसे स्वीकारणारा असतो, मालक वारसच. हा एक मुद्दा शांतपणे आधी बोलून घेतला तर भाऊबंदकीची पुढची दहा वर्षं वाचतात. वारस दाखला लागलाच तर शिवाजीनगर न्यायालय. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

दोन_खाटा

आजारपणाच्या बाजूने.

मोठं निदान झालं की लोक आधी दागिने मोडतात आणि मग योजना विचारतात. उलटं करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तीन अटी ध्यानात ठेवा: रुग्णालय योजनेत हवं, उपचार योजनेच्या यादीत हवा, आणि मंजुरी उपचाराआधी हवी. बिल भरून झाल्यावर काही होत नाही. दाखल होतानाच आरोग्यमित्राचं (योजनेचा रुग्णालयात बसणारा माणूस) टेबल गाठा. चौकशीला १५५३८८.

पुण्यात धर्मादाय रुग्णालयं भरपूर आहेत. नियमाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत (वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत) आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत (३,६०,००० पर्यंत) ठेवायच्या असतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही, आधी दाखल करून स्थिर करायचं. रिसेप्शनवर हे विचारू नका, तिथे "खाट शिल्लक नाही" हेच उत्तर पाठ असतं. वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि अर्ज लेखी देऊन पोच घ्या. नाही म्हटलं तर धर्मादाय सहआयुक्त कार्यालय.

तहसीलदारांचा उत्पन्न दाखला लागतो आणि त्याला दिवस लागतात. घरात कुणाला दीर्घ आजार असेल तर दाखला आजच काढून ठेवा. रुग्ण आयसीयूत असताना सेतूच्या रांगेत माणूस उभा करणं परवडत नाही.

शुश्रूषा करणाऱ्याची पाळी लावा. एकच माणूस रात्री सलग बसला की चार-पाच दिवसांत औषधाच्या वेळा चुकायला लागतात. रात्रपाळीला बाहेरचा माणूस, दिवसा घरचा, कारण डॉक्टरांची फेरी दिवसा असते. एक वही: तारीख, औषध, वेळ, डॉक्टर काय म्हणाले, उद्या काय विचारायचं. पाळी बदलताना वही हातात द्यायची, तोंडी निरोप नको.

सडेतोड

सगळं ठीक आहे हो, पण मूळ प्रश्नाला बगल देताय. कंपन्या एका बाजूने माणसं काढतात आणि दुसऱ्या बाजूने उरलेल्यांसाठी 'मनोबल वाढवा' कार्यशाळा भरवतात. पाया खचलेला असताना माणसाला मजबूत व्हायला सांगणं ही चलाखी आहे.

चौथी_पायरी

सडेतोड, वाद नाहीच. म्हणूनच धाग्यात विमा, हप्ता आणि दाखले आधी आले. आणि पुण्याला हे नव्याने सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या. नंतर शहर सावरलं ते सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, लोकांना डोक्यावर छप्पर मिळालं म्हणून. धीराचं कौतुक करणारी भाषणं तेव्हाही झालीच असतील.

पण छप्पर मिळेपर्यंतचे दिवसही काढावे लागतात. त्या दिवसांचं काय, एवढाच माझा प्रश्न.

समुपदेशन_कट्टा

त्या दिवसांचं सांगते. दोन साधनं पुरतात, दहा नकोत.

पहिलं, दिवसाचा तक्ता. वाटलं तर करू असं नाही, आधी करायचं आणि वाटणं मागून येतं. रोज तीन कामं: एक शरीराचं, एक कागदाचं किंवा कामाचं, एक माणसाशी. प्रत्येक २० मिनिटांचं. "नोकरी शोधणे" हे काम नव्हे. "अमुकला एक मेल" हे काम. संध्याकाळी प्रत्येकापुढे दोन आकडे, ० ते १०: किती बरं वाटलं आणि किती जमल्यासारखं वाटलं. आठवड्याने तक्ता बघा. बहुतेकांना दिसतं ते असं, की आधी "काही उपयोग नाही" म्हणून टाळलेल्या कामाला जमल्याचा आकडा चांगला असतो. फसतं कुठे, तर पहिल्या दिवशी अकरा कामं लिहिली जातात. एखादं काम सलग दोन दिवस राहिलं तर त्याचा आकार निम्मा करा. नोकरीची ॲप ठरलेल्या दोन तासांतच उघडायची. दिवसभर ताजी करत बसणं हे काम नाही, ती खाज आहे.

दुसरं, काळजीची वेळ. रोज संध्याकाळी ५.३० ते ५.५०, टेबलाशी, कागद घेऊन. दिवसभरात काळजी आली की चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे आणि ५.३० ला ठेवायचं. त्या वेळी दोन रकाने. ज्यावर काही करता येईल त्यापुढे पुढची एकच कृती आणि वार. ज्यावर काही करता येत नाही ते नुसतं लिहायचं. रात्री झोपताना ही वेळ ठेवू नका, कागद डोक्यात घेऊन अंथरुणावर जाल.

पेठकर

आणि विवेकनिष्ठ पद्धत? महाराष्ट्रात त्याबद्दल एवढं बोललं जातं.

समुपदेशन_कट्टा

येतेच त्यावर. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केली. घटना, त्याबद्दलची धारणा आणि परिणाम. परिणाम घटनेतून थेट येत नाही, मधल्या धारणेतून येतो. करायचं असं: वाक्यातला 'च' शोधायचा. "या वयात नोकरी जायलाच नको होती." "नातेवाइकांनी यायलाच हवं होतं." "हे मला सहनच होणार नाही." मग तीन प्रश्न. याला पुरावा काय? असं म्हटल्याने मला काय मिळतं? मित्र असं म्हणाला असता तर मी काय उत्तर दिलं असतं? आणि वाक्य पुन्हा लिहायचं: "नोकरी गेली नसती तर फार बरं झालं असतं. गेली, हे वाईट आहे. सहन करणं अवघड आहे, अशक्य नाही."

दोन ठिकाणी फसतं. लोक नव्या वाक्यात गोडवा घालतात, "जे होतं ते चांगल्यासाठीच." हे विवेकनिष्ठ नव्हे. वाईटाला वाईट म्हणायची पूर्ण मुभा आहे. दुःख, खेद राहणारच. आणि दुसरं म्हणजे लोक हे दुसऱ्यावर वापरतात. रडणाऱ्या बायकोला "ही तुझी धारणा आहे" म्हणणाऱ्याला घरात जेवण मिळू नये.

लिहिण्याबद्दलही एक. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची पद्धत, सलग तीन-चार दिवस रोज १५-२० मिनिटं मनातलं सलग लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. लगेच नंतर जड वाटतं, तासाभरात उतरायला हवं. परिणाम सरासरीने लहान आहे, चमत्कार नाही. धक्का ताजा असताना, पहिल्या काही आठवड्यांत, करू नये.

बिनसाखरेचा

"संकट माणसाला मोठं करतं" यावर कुणीतरी बोला. व्हॉट्सॲपवर रोज येतं.

चौथी_पायरी

टेडेस्ची आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये त्यासाठी २१ प्रश्नांची मोजपट्टी केली. पाच बाजू: माणसांशी नातं, नव्या वाटा, स्वतःच्या ताकदीची जाणीव, आयुष्याची किंमत, अध्यात्म. त्यांचंच म्हणणं की वाढ संकटातून होत नाही, त्यानंतरच्या झगड्यातून होते, आणि ती दुःखाच्या जोडीने असते, त्याच्या जागी येत नाही.

आता दुसरी बाजू. २००९ मध्ये पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची धक्क्याच्या आधी आणि नंतर मोजणी केली. "मी बदललो" असं सांगणं आणि प्रत्यक्ष बदल यांचा फारसा मेळ बसला नाही. माझं मत: पहिल्या वर्षात "यातून काय शिकलास" हा प्रश्न विचारूच नये. विचारला की माणूस उत्तर तयार करतो आणि मग त्याला ते निभवावं लागतं.

खरा बदल बघायचाच असेल तर वर्षभराने वागण्यात बघा. महिन्याला किती माणसांना स्वतःहून फोन जातो? विमा आणि कागद जागेवर आहेत का? नकार देता येतो का? मोजता येतं असं काहीतरी.

ओट्यावरची

मदत करणाऱ्यांसाठी लिहिते. "काही लागलं तर सांग" या वाक्याने कुणीही काही सांगत नाही. वार आणि वस्तू सांगा: "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीचा डबा आमच्याकडून, चार पोळ्या, भाजी, वरण-भात, डबा दाराशी ठेवीन, बसणार नाही." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे, कारण आलेल्या माणसाला चहा करण्यातच घर दमतं.

पहिल्या तेरा दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं. खरी गरज तिसऱ्या आठवड्यापासून पुढे. सोसायटीच्या ग्रुपवर मदतीचं वेळापत्रक करायचं तर ते चौथ्या ते दहाव्या आठवड्याचं करा: शाळेची ने-आण, वीजबिल, गॅस, बँकेत सोबत.

आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला "कसं झालं?" सांगायला लावू नका. धक्क्यानंतर लगेच माणसाला बसवून सगळं पुन्हा वदवून घेणं, या एका बैठकीच्या पद्धतीचा उपयोग होत नाही, काहींना अपाय होतो, हे संशोधनात दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पद्धत दिली: बघा, ऐका, जोडून द्या. बोलला तर ऐका. गप्प बसला तर भाजी निवडा.

समुपदेशन_कट्टा

ओट्यावरची, यात भर घालायला जागाच ठेवली नाही तुम्ही. आता थांबू नये अशा खुणा.

दोन आठवडे सलग, दिवसातला बराच वेळ उदास वाटणं किंवा कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं, काम होत नसणं. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीत आहे. ० ते २७ गुण, १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यात शून्याशिवाय काहीही असेल तर बेरीज न बघता भेटा.

जवळच्या माणसाबद्दल शंका असेल तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, बहुधा सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्या, त्याच दिवशी डॉक्टर. पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम ११५: जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात.

कुठे: टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मराठीत, मोफत. ससूनच्या मनोविकार विभागाची ओपीडी. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. नावाला घाबरू नका, तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे. कनेक्टिंग ही पुण्यातली संस्था फोनवर ऐकून घेते, सल्ले देत नाही. दारूचा प्रश्न असेल तर मुक्तांगण, १९८६ पासून आहे, घरच्यांनाही सोबत घेतात.

औषधं सुरू झाली तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. दुष्परिणाम आधी येतात, म्हणून लोक दहाव्या दिवशी सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने घ्यावी लागतात, आणि थांबवायची ती डॉक्टरांना विचारून हळूहळू. आरोग्यविम्यात मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा, हेही त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. नाकारलं तर लेखी कारण मागा.

शोकाला मुदत नसते, पण गेलेल्या माणसाची ओढ सहा महिने ते वर्ष उलटूनही तितकीच तीव्र असेल आणि रोजचं जगणं अडलं असेल तर त्याला वेगळे उपचार आहेत.

सडेतोड

मागचा सूर थोडा मागे घेतो. धागा उपयोगाचा झालाय. कागदवाला, एक शंका: मृताचा मोबाईल नंबर लगेच बंद करायचा का?

कागदवाला

नको. निदान सहा महिने रिचार्ज चालू ठेवा. विम्याच्या हप्त्याचे, कर्जाचे, एसआयपीचे मेसेज त्यावरच येतात आणि कुठे काय आहे ते त्यातूनच कळतं. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला जातो. फक्त मेसेज वाचायचे. त्यावरच्या ओटीपीने व्यवहार करायचे नाहीत. आणि सगळीकडे दावे पूर्ण झाले की दुकानात जाऊन दाखल्यासह रीतसर बंद करा.

पेठकर

आणि सोसायटीचा भाग दाखला?

कागदवाला

त्यात नॉमिनेशन आहे का ते सचिवांकडून लेखी घ्या. नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, एक परदेशात असला तर तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकन. त्याला वेळ लागतो, आधी त्याला मेल टाका, मग बाकीचं.